समीकरणातला प्रत्येक आकडा म्हणजे मोजणी : संतुलन आणि मोलची गणितं कशी शिकवावीत?

खडूफळा

हायस्कूलच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवणारे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे, दोघांसाठीही हा धागा काढते आहे.

समीकरण संतुलित करणं हे एक प्रकरण आणि मोलची (म्हणजे कणांच्या ठरावीक मोठ्या गठ्ठ्याची) गणितं हे दुसरं, असं आपण शिकवतो. पहिल्या प्रकरणात मुलं पटापट आकडे भरतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. दुसऱ्या प्रकरणात तीच मुलं वहीकडे बघत बसतात. माझं ठाम मत आहे की ही अडचण पहिल्याच प्रकरणात रुजलेली असते. सहगुणक म्हणजे कणांची मोजणी, हे तिथे मुलांना कळलेलंच नसतं. दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून पुढे लिहायचा आकडा, एवढीच त्याची ओळख झालेली असते.

पडताळून बघा. अमोनियाचं समीकरण मुलांकडून संतुलित करून घ्या:

एन२ + ३ एच२ → २ एनएच३

मग म्हणा, आता याचं चित्र काढा, प्रत्येक अणूसाठी एक गोल. '३ एच२'साठी किती मुलं दोन-दोन गोलांच्या तीन सुट्या जोड्या काढतात आणि किती मुलं सहा गोल एका माळेत ओवतात, ते मोजा. १९८५ साली यारोक नावाच्या संशोधकाने हायस्कूलच्या मुलांच्या मुलाखती घेऊन नेमकं हेच तपासलं होतं. समीकरणं सोडवता येणाऱ्या मुलांपैकी अनेकांना त्यांची चित्रं नीट काढता आली नाहीत, आणि हायड्रोजनचे सहा अणू एकाला एक जोडलेले दाखवणारी मुलं त्यातही होती.

ज्या मुलाच्या मनात 'एच६' आहे, त्याला पुढे '३ मोल हायड्रोजन' म्हणजे काय ते कसं समजणार?

म्हणून मी क्रम बदलला आहे. सुरुवातीला रंगीत गोल किंवा मण्यांचे रेणू, मग चित्रावरून समीकरण, मग आकडे भरण्याच्या युक्त्या. आणि संतुलन झाल्याबरोबर त्याच तासाला पहिला प्रश्न: 'नायट्रोजनचे १०० रेणू असतील तर हायड्रोजनचे किती लागतील?' मोल हा शब्द अजून उच्चारलेलाही नसतो, पण मुलं सहज ३०० म्हणतात. तिथून १०० च्या जागी एक मोल ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

तुम्ही कसं शिकवता? मुलं नेमकी कुठे अडतात? सविस्तर लिहा.

प्रयोगवही

पूर्ण सहमत. एक भर घालतो. चित्राच्याही आधी तराजू आणावा.

वस्तू जळली की हलकी होते, असं बहुतेक मुलांच्या मनात पक्कं असतं. लाकूड जळून राख उरते, मेणबत्ती संपते, तेच त्यांनी पाहिलेलं. द्रव्य अक्षय्यतेचा नियम ते पाठ म्हणतात, पण त्यावर विश्वास नसतो. पोलादी तारांचा बारीक लोकरीसारखा गुंडा मिळतो, तो मोकळा करून वजन करा, चिमट्यात धरून पेटवा आणि थंड झाल्यावर, एकही तुकडा न सांडता, पुन्हा वजन करा. वजन वाढलेलं असतं. मुलांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. लोखंडाला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटला, हे मग त्यांना स्वतःच सुचतं.

त्यानंतर बंद भांड्यातला प्रयोग. शंकुपात्रात सोडियम सल्फेटचं द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या नळीत कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, वर बूच. वजन करायचं, पात्र तिरकं करून दोन्ही द्रावणं मिसळायची, पांढरा साका आला की पुन्हा वजन करायचं. काटा हलत नाही. अणू नाहीसे होत नाहीत आणि नवे येत नाहीत, म्हणून समीकरण संतुलित करायचं. हे कारण हातात नसेल तर संतुलन हा परीक्षेसाठी पाळायचा नियम होऊन बसतो.

आई अभ्यासाला

मी शिक्षिका नाही, मुलीचा अभ्यास घेते. तिची एक गोष्ट मला थांबवता येत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, या समीकरणात उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतो, तर ती सरळ 'एच२ओ२' लिहून टाकते. दोन्हीकडे दोन-दोन अणू झाले, संतुलन झालं, असं तिचं म्हणणं. 'खालचा अंक बदलायचा नाही' असं मी सांगते. ती 'का?' विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

खडूफळा

ताई, तिचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला नुसतं 'नियम आहे' हे उत्तर पुरणार नाही. तिला सांगा की खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो. एच२ओ म्हणजे पाणी. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर लावायला सौम्य द्रावणाच्या रूपात मिळतं आणि संहत असेल तर त्वचा जाळतं. तिने संतुलन केलं खरं, पण भलत्याच अभिक्रियेचं.

घरात मणी असतील तर पाण्याचा एक रेणू करायला द्या. मग विचारा, ऑक्सिजनच्या जोडीतला दुसरा मणी उरला आहे, त्याचं काय करायचं? पाणीच करायचं आहे, अशी अट घाला. ती स्वतःच हायड्रोजनची आणखी एक जोडी मागेल. '२ एच२ + ओ२ → २ एच२ओ' हे तिच्या हातानेच तयार होईल.

जुनी पोथी

या मुलीच्या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे, तो मुलांना जरूर सांगावा.

डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणुसिद्धांत मांडला तेव्हा पाण्याचं सूत्र त्यांनी एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं एकच संयुग तेव्हा माहीत होतं, मग सर्वांत साधी रचना धरावी, हा त्यांचा विचार. आता गंमत बघा. डाल्टनच्या पद्धतीने लिहिलं तर 'एच + ओ → एचओ'. हे समीकरण पूर्ण संतुलित आहे! दोन्हीकडे अणू सारखे. तरीही चूक.

म्हणजे खरं सूत्र कोणतं, हे संतुलनातून कळत नाही. ते आधी दुसरीकडून यावं लागतं. गे-ल्युसॅक यांना प्रयोगात दिसलं की दोन आकारमानं हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन मिळून दोन आकारमानं वाफ होते. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी त्याचा अर्थ लावला: सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असला पाहिजे. हे म्हणणं जवळपास अर्धशतक बाजूलाच पडून राहिलं. १८५८ मध्ये कॅनिझारो यांनी ते पुन्हा नीट मांडलं आणि १८६० च्या कार्ल्सरूह इथल्या परिषदेत रसायनशास्त्रज्ञांपुढे ठेवलं. तेव्हा कुठे अणुवस्तुमानांचा गोंधळ मिटायला लागला.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे ठरवायला पन्नास वर्षं लागली, ते मुलांनी आकडे जुळवून शोधावं अशी अपेक्षाच नाही. सूत्र संयुजेवरून (अणूच्या बंध जोडण्याच्या क्षमतेवरून) किंवा प्रयोगावरून घ्यायचं. संतुलन त्याच्या नंतर.

बीजगणित

मी गणिताचा शिक्षक. मला नेहमी वाटतं की 'बघून-बघून जुळवा' या पद्धतीत मुलांचा फार वेळ जातो. बीजगणिताने दोन मिनिटांत होतं. इथेनचं ज्वलन घ्या. सहगुणक अ, ब, क, ड धरा:

अ सी२एच६ + ब ओ२ → क सीओ२ + ड एच२ओ

कार्बनवरून २अ = क. हायड्रोजनवरून ६अ = २ड. ऑक्सिजनवरून २ब = २क + ड. अ = १ धरला की क = २, ड = ३, ब = ३.५. सगळ्यांना दोनने गुणा: २, ७, ४, ६. ही पद्धत कुठल्याही समीकरणाला लागू पडते. मग हीच का शिकवू नये?

प्रयोगवही

सर, पद्धत चांगली आहे आणि मोठ्या वर्गांत मीही दाखवतो. पण 'कुठल्याही समीकरणाला' याला एक फार सुंदर अपवाद आहे. आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया घ्या. डावीकडे परमँगनेट, पेरॉक्साइड, सल्फ्युरिक आम्ल. उजवीकडे मँगनीज सल्फेट, पोटॅशियम सल्फेट, पाणी, ऑक्सिजन. सहगुणक याच क्रमाने लिहितो:

२, ५, ३ → २, १, ८, ५

२, ३, ३ → २, १, ६, ४

दोन्ही ओळींत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू मोजून बघा, दोन्ही जुळतात. अशा आणखी कितीही ओळी करता येतील. बीजगणिताला यातली खरी कोणती ते सांगता येत नाही.

बीजगणित

तपासलं. पहिल्या ओळीत ऑक्सिजन दोन्हीकडे ३०, दुसऱ्या ओळीत २६. खरंच दोन्ही जुळतात. म्हणजे चलांपेक्षा स्वतंत्र समीकरणं दोनने कमी पडतात, एकने नाही. असं का होतं?

प्रयोगवही

दोन ओळींतला फरक काढा. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतं: २ पेरॉक्साइड → २ पाणी + १ ऑक्सिजन. पेरॉक्साइडचं हे आपलं आपण होणारं विघटन आहे आणि ते स्वतःच संतुलित आहे. त्यामुळे मूळ समीकरणात ते कितीही पट मिसळलं किंवा काढून घेतलं तरी अणूंचा हिशेब बिघडत नाही. खरा निवाडा इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवरून होतो. मँगनीज +७ वरून +२ वर येताना प्रत्येकी पाच इलेक्ट्रॉन घेतं, पेरॉक्साइडचा एक रेणू दोन देतो. म्हणून प्रमाण २ : ५, आणि पहिली ओळ बरोबर.

आयनांच्या समीकरणात हा धडा सोप्या रूपात देता येतो. तांबं आणि चांदीचे आयन: एक तांब्याचा अणू, एक चांदीचा आयन, उजवीकडे दोन धनप्रभारांचा तांब्याचा आयन आणि चांदीचा अणू. अणू जुळले, पण प्रभार डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. चांदीचे दोन आयन घेतल्यावरच दोन्ही जुळतात. अणू आणि प्रभार, दोन्हींची मोजणी.

खडूफळा

बीजगणित सर, हायस्कूलच्या सुरुवातीच्या वर्गात मी तुमची पद्धत मागे ठेवते, त्याचं कारण वेगळं आहे. ती वापरताना मुलाला रेणू दिसत नाहीत, अ-ब-क दिसतात. मोजणीची सवय बसल्यावर मात्र जरूर शिकवावी.

बघून जुळवताना कुठून सुरुवात करायची, हे मुलांना सांगणं फार गरजेचं आहे. नाहीतर ती मिळेल तिथून सुरू करतात आणि गोल गोल फिरतात. जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे, ते आधी. जे एकटंच मूलद्रव्य म्हणून उभं आहे (ज्वलनात ऑक्सिजन), ते सर्वांत शेवटी, कारण त्याचा सहगुणक बदलला तर दुसरं काहीच बिघडत नाही. सल्फेट, नायट्रेट यांसारखे गट दोन्हीकडे अखंड राहत असतील तर ते एकच नग समजून मोजायचे. ॲल्युमिनियम सल्फेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या समीकरणात सल्फर आणि ऑक्सिजन वेगवेगळे मोजायला गेलं की मुलं दमतात. 'डावीकडे तीन सल्फेट, उजवीकडे एक' असं म्हटलं की लगेच सुटतं.

आई अभ्यासाला

इथेनच्या उदाहरणात ३.५ आलं. मुलीच्या शिक्षकांनी अपूर्णांक चालणार नाही असं सांगितलं आहे. तिच्या एका पुस्तकात मात्र अर्ध्यांमध्ये लिहिलेली समीकरणं आहेत. बरोबर काय?

खडूफळा

दोन्हीला अर्थ आहे, आपण काय मोजतो आहोत त्यावर ते ठरतं. रेणू मोजत असू तर साडेतीन रेणू असू शकत नाहीत, तेव्हा दोनने गुणून घ्यायचं. मोल मोजत असू तर साडेतीन मोल ऑक्सिजन अगदी सहज असू शकतो, ११२ ग्रॅम भरेल. एका पदार्थाच्या बरोबर एका मोलसाठी ऊर्जा सांगायची असते तेव्हा मुद्दाम अपूर्णांकच लिहितात. मुलीला सांगा, परीक्षेत पूर्णांक लिही, पण अपूर्णांक दिसला तर गोंधळून जाऊ नकोस.

प्रश्नचिन्ह

मी विद्यार्थी आहे. संतुलन येतं मला. पण पुढे चुकतं. २ एच२ + ओ२ → २ एच२ओ यात हायड्रोजन २ आणि ऑक्सिजन १ आहे, तर २ ग्रॅम हायड्रोजनला १ ग्रॅम ऑक्सिजन लागायला हवा ना? उत्तर १६ दिलं आहे. १६ कुठून आलं?

खडूफळा

बरं झालं विचारलंस. या प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं आहे.

समीकरणातले २ आणि १ हे नग आहेत, ग्रॅम नाहीत. ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या एका अणूच्या साधारण सोळापट जड असतो. आता बघ. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, त्याचं रेणुवस्तुमान २. ऑक्सिजनचा रेणूही दोन अणूंचा, रेणुवस्तुमान ३२. हायड्रोजनचे दोन रेणू मिळून ४, त्यांना ऑक्सिजनचा एक रेणू, ३२. म्हणजे वजनात ४ ला ३२, म्हणजेच १ ला ८. मग २ ग्रॅम हायड्रोजनला १६ ग्रॅम ऑक्सिजन. पाणी १८ ग्रॅम. बेरीज जुळते का तेही बघ: २ + १६ = १८.

रेणू एकेक करून तर मोजता येत नाहीत. म्हणून आपण त्यांचा मोठा गठ्ठा ठरवला आहे, मोल. २० मे २०१९ पासून तो नेमक्या आकड्याने ठरवलेला आहे: ६.०२२१४०७६ × १०^२३ कण. कुठल्याही पदार्थाचा एक मोल म्हणजे तेवढेच कण, फक्त वजन प्रत्येकाचं वेगळं. ग्रॅमवरून मोलवर जा, तिथे समीकरणाचं प्रमाण लाव, मग मोलवरून परत ग्रॅमवर ये. समीकरणाला ग्रॅमची भाषा येत नाही, एवढं लक्षात ठेव.

प्रश्नचिन्ह

कळलं. म्हणजे २ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे १ मोल, त्याला अर्धा मोल ऑक्सिजन, आणि अर्धा मोल म्हणजे १६ ग्रॅम.

खडूफळा

अगदी बरोबर.

बीजगणित

हे सगळं त्रैराशिकाने करायला काय हरकत आहे? मुलांना ते लहानपणापासून येतं.

खडूफळा

काहीच हरकत नाही, एक अट घालते. प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि पदार्थाचं नाव, दोन्ही लिहिलंच पाहिजे. '३ ला २, तर ६ ला किती' असं नुसतं मांडलं की मूल ३ मोल आणि ६ ग्रॅम बेधडक एका ओळीत लिहितं. '३ मोल हायड्रोजनपासून २ मोल अमोनिया' असं पूर्ण लिहायला लावलं तर पुढची ओळ '६ ग्रॅम' अशी लिहितानाच त्याचा हात अडतो. वस्तुमान, मोल आणि मोलर वस्तुमान यांचा त्रिकोण काढून एकावर बोट ठेवायचं, ती युक्ती मात्र मला अजिबात आवडत नाही. त्रिकोण विसरला की सगळं विसरलं. '१ मोल म्हणजे १७ ग्रॅम, तर ३४ ग्रॅम म्हणजे किती मोल?' हे ज्याला कळतं त्याला त्रिकोण लागतच नाही.

जुनी पोथी

आणि मुलांना एखादं पूर्ण उदाहरण दोन्ही बाजूंच्या बेरजेसह करायला लावा. लोहखनिजातून लोखंड:

एफई२ओ३ + ३ सीओ → २ एफई + ३ सीओ२

८० ग्रॅम आयर्न ऑक्साइड घेतलं तर अर्धा मोल. कार्बन मोनॉक्साइड दीड मोल, म्हणजे ४२ ग्रॅम. लोखंड एक मोल, ५६ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड दीड मोल, ६६ ग्रॅम. डावीकडे १२२, उजवीकडे १२२. मोल मात्र दोन्हीकडे सारखे असतीलच असं नाही. इथे डावीकडे दोन आणि उजवीकडे अडीच आहेत, अमोनियाच्या समीकरणात डावीकडे चार आणि उजवीकडे दोन. मोलही 'टिकले' पाहिजेत असं कित्येक मुलांना वाटतं. अणू टिकतात, वस्तुमान टिकतं, रेणूंची संख्या बदलू शकते.

आई अभ्यासाला

आता आमची गाडी मर्यादित अभिक्रियाकारकावर, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो त्यावर, अडली आहे. दोन्ही पदार्थांची वजनं दिलेली असली की मुलगी ज्याचे ग्रॅम कमी तो आधी संपणार असं म्हणते.

खडूफळा

तिच्यासाठीच हे उदाहरण. १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन. कोण आधी संपेल?

ग्रॅम हायड्रोजनचे कमी. पण नायट्रोजन अर्धा मोल आहे आणि हायड्रोजन तीन मोल. अर्ध्या मोल नायट्रोजनला दीड मोल हायड्रोजन पुरतो. संपतो तो नायट्रोजन. हे झाल्यावर मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, ज्याचे मोल कमी तो संपतो. तेव्हा लगेच पुढचं द्यायचं: २ मोल नायट्रोजन, ३ मोल हायड्रोजन. मोल नायट्रोजनचे कमी, पण त्या दोन मोलना सहा मोल हायड्रोजन लागेल, आपल्याकडे तीनच. इथे संपतो हायड्रोजन, आणि नायट्रोजन एक मोल उरतो. ही दोन उदाहरणं पाठोपाठ, एकाच तासात द्यावीत.

मांडणीसाठी मी तीन ओळींचा तक्ता वापरते: आधी, बदल, नंतर. सगळे आकडे मोलमध्ये. पहिल्या उदाहरणाचा असा दिसतो:

आधी: नायट्रोजन ०.५, हायड्रोजन ३, अमोनिया ०
बदल: नायट्रोजन −०.५, हायड्रोजन −१.५, अमोनिया +१
नंतर: नायट्रोजन ०, हायड्रोजन १.५, अमोनिया १

मोक्याची ओळ मधली. समीकरणाचं १ : ३ : २ हे प्रमाण फक्त 'बदल'ला लागू असतं. 'आधी'च्या ओळीत काहीही असू शकतं, ते आपण किती ओतलं त्यावर आहे. मुलं प्रमाण 'आधी'वर लादतात आणि तिथे सगळं बिघडतं. शेवटी बेरीज: १७ ग्रॅम अमोनिया आणि उरलेला ३ ग्रॅम हायड्रोजन, २० ग्रॅम. सुरुवातीलाही १४ + ६ = २० च होते.

बीजगणित

मी वर्गात टेबलाचं उदाहरण देतो. एक फळी आणि चार पाय. १० फळ्या आणि २४ पाय असतील तर सहाच टेबलं होतात, चार फळ्या उरतात. मुलांना झटकन समजतं.

प्रयोगवही

सुरुवातीला चांगलं आहे सर, पण फार वेळ त्यावर राहू नये असं मला वाटतं. टेबलातले पाय पायच राहतात. पाण्यातला हायड्रोजन मात्र हायड्रोजन वायूसारखा अजिबात वागत नाही. शिवाय मुलांना नग मोजता येतातच, अडतं ते ग्रॅमवरून नगांवर जाताना, आणि तो टप्पा टेबलात नसतो.

त्यापेक्षा फुग्यांचा प्रयोग करा. साहित्य साधं. सहा सारख्या बाटल्या, प्रत्येकीत ५० मिलिलिटर व्हिनेगर, ज्यात असेटिक आम्लाचं प्रमाण ५ टक्के असतं ते. सहा सारख्या फुग्यांत खाण्याचा सोडा, अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ ग्रॅम. फुगे आधी एकदा फुगवून सैल करून घ्या. बाटलीच्या तोंडावर ते घट्ट बसवा आणि सगळे एकदम उभे करून सोडा आत पाडा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि बाटलीला बूच कधीही लावायचं नाही.

पहिले तीन फुगे चढत्या क्रमाने मोठे होतात. चौथा, पाचवा आणि सहावा जवळजवळ एकसारखेच. मुलं म्हणतात, सोडा तर वाढवत गेलो, फुगा का वाढत नाही? आता गणित करायचं. ५० मिलिलिटरमध्ये साधारण २.५ ग्रॅम आम्ल. त्याचं रेणुवस्तुमान ६०, म्हणजे ०.०४२ मोल. सोड्याशी त्याचं प्रमाण एकास एक, सोड्याचं रेणुवस्तुमान ८४. गुणाकार ३.५ ग्रॅम. वळण तीन आणि चारच्या मध्ये का आलं, ते मुलांना कागदावर सापडतं. वायूचा अंदाजही काढता येतो: खोलीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे २४ लिटर, म्हणून ०.०४२ मोलचा साधारण एक लिटर. थोडा वायू द्रावणात विरघळून राहतो, फुगा त्यापेक्षा जरा लहान भरेल.

प्रयोग तिथे थांबवू नका. दुसऱ्या बाटलीचा फुगा काढून आत चिमूटभर सोडा टाका, फेस येतो, म्हणजे आम्ल उरलं होतं. पाचव्या बाटलीत सोडा टाका, काही होत नाही. थोडं व्हिनेगर घाला, फेस येतो, म्हणजे सोडा उरला होता. तो विरघळलेला असल्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हता. काय संपलं आणि काय उरलं, हे मुलं अशी स्वतः तपासतात.

आई अभ्यासाला

हे घरी नक्की करणार. आणखी एक विचारते, टक्केवारीतलं उत्पादन, म्हणजे गणिताने यायला हवं त्याच्या किती टक्के पदार्थ प्रत्यक्ष मिळाला ते, नेहमी शंभरच्या खालीच येतं का?

प्रयोगवही

पदार्थ सांडतो, गाळणकागदाला चिकटतो, अभिक्रिया पूर्ण होत नाही, म्हणून बहुधा खाली येतं. वर आलं तर मुलांना कारण शोधायला लावा, बहुतेकदा पदार्थ ओला असतो. मुशीत मॅग्नेशियम जाळण्याच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट घडते. ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियमपासून ०.४० ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवं, पण कमी भरतं, कारण थोडं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशी जोडलं जातं. मूस थंड झाल्यावर पाण्याचे काही थेंब टाकून पुन्हा तापवलं की ते नायट्राइड ऑक्साइडमध्ये बदलतं. जळत्या मॅग्नेशियमकडे थेट बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा.

जुनी पोथी

परीक्षेच्या प्रश्नांबद्दलही बोलायला हवं. 'संतुलित करा' एवढंच विचारलं तर मुलं तेवढंच शिकणार. नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये दाखवलं की आकडेमोडीचे प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना त्याच कल्पनेवरचे चित्रातले प्रश्न तितके जमत नाहीत. म्हणून भांड्याचं चित्र द्या, आत काही रेणू, आणि 'अभिक्रिया संपल्यावरचं चित्र काढा' म्हणा. किंवा 'तांबं + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॉपर क्लोराइड + हायड्रोजन' हे समीकरण संतुलित करून द्या आणि विचारा, ही अभिक्रिया होईल का? समीकरण जुळतं, पण तांबं या आम्लातून हायड्रोजन बाहेर काढत नाही. जुळलं म्हणजे घडलं असं नसतं, हे मुलांच्या ध्यानात राहतं.

खडूफळा

चित्राचा प्रश्न मी प्रत्येक चाचणीत घालते. तपासायला वेळ लागतो, पण मूल नेमकं कुठे अडलं आहे ते एका नजरेत कळतं.

प्रश्नचिन्ह, आता तुझ्यासाठी एक. प्रयोगवही सरांच्या पाचव्या बाटलीत ५ ग्रॅम सोडा होता. किती उरला? आणि तो सगळा वापरायचा असता तर व्हिनेगर किती लागलं असतं?

प्रश्नचिन्ह

उरला ५ − ३.५ = १.५ ग्रॅम.

सगळा वापरायला: ५ ग्रॅम सोडा भागिले ८४ म्हणजे ०.०५९५ मोल. आम्लही तेवढेच मोल. गुणिले ६० म्हणजे ३.५७ ग्रॅम आम्ल. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, तर ३.५७ ग्रॅमसाठी सुमारे ७१ मिलिलिटर. म्हणजे आणखी २१ मिलिलिटर घालायला हवं होतं.

प्रयोगवही

दोन्ही उत्तरं बरोबर, आणि एककं प्रत्येक ओळीत लिहिली आहेस ते विशेष आवडलं. करून बघणार असशील तर फुगा मोठा घे, कारण या वेळी वायू जवळजवळ १.४ लिटर होईल.